एकट्या बजीला आरसा देऊ नका

ताई, तुम्ही दोघंही दिवसभर नोकरीवर, बजी (पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट) घरी एकटाच, त्याचं मन कसं रमवायचं असं तुम्ही विचारलंत, त्यावर कुणीतरी पिंजऱ्यात आरसा लावायला सांगितलंय. माझं मत उलट आहे. नर बजी प्रतिबिंबालाच जोडीदार समजतो, त्याला दाणे भरवायला जातो, पोटातलं वर काढत राहतो आणि हळूहळू माणसांकडे बघेनासा होतो.

हा मुळात ऑस्ट्रेलियातला, थव्यानं राहणारा पक्षी. थव्यात त्यांचा दिवस दाणे शोधण्यात जातो. म्हणून वाटीभर राळं समोर ठेवण्याऐवजी सकाळी थोडं कागदाच्या पुडीत बांधून टांगा, कोथिंबिरीची धुतलेली ओली जुडी जाळीला अडकवा. आमचा बजी आधी त्या पानांत अंग घासून अंघोळ उरकतो, मग देठ कुरतडत बसतो. रेडिओ बारीक आवाजात चालू ठेवला तरी चालतो. संध्याकाळी मात्र तासभर त्याला खोलीत मोकळा सोडाच, पंखा बंद करून.

दिवाळीत चार दिवस गावी जाताना दोन वाट्या भरून ठेवून जाऊ नका, कृपा करून! बजी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, आत नुसता कोंडा. शेजाऱ्यांना रोज पाणी बदलायला आणि वाटीवर फुंकर मारून बघायला सांगा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत फटाक्यांचा आवाज किती असतो ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा पिंजरा गॅलरीतून आतल्या खोलीत घ्या, पण स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत दगावतो.