फोटो टाकला म्हणजे ‘व्हर्च्यू सिग्नलिंग’ झालं का?

माळव्यातली माई (रामबाग, इंदूर)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्याकडे नातवाची मुंज झाली. १८० पानं होती. आचारी डिस्पोजेबल ताटं-वाट्या आणणार होता. मी हट्टाने स्टीलची भांडी भाड्याने आणवली. इंदुरात ओला, सुका, प्लास्टिक असा सहा प्रकारांत कचरा वेगळा करून गाडीत द्यावा लागतो, त्यामुळे एका पंगतीतून किती पोती निघतात ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. संध्याकाळी अंगणात पालथ्या घातलेल्या ताटांचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘१८० पानं, डिस्पोजेबल एकही नाही.’

पुण्याच्या भाच्याचं लगेच उत्तर, ‘मावशी, हे टिपिकल व्हर्च्यू सिग्नलिंग!’ त्याखाली पाच-सहा जणांच्या हसऱ्या बाहुल्या.

मला ते लागलं. तो मला ढोंगी म्हणाला का? मराठीत ह्याला काय म्हणतात? आणि चांगलं काही केलं तर ते दाखवूच नये का?

देवासकर

माई, सरळ अर्थ म्हणजे चांगुलपणाचं प्रदर्शन. आपल्याकडची चमकोगिरीच. मनाला लावून घेऊ नका.

निवृत्त मास्तर, लोकमान्य नगर

देवासकर, चमकोगिरी वेगळी. चमकोला नाव हवं असतं, पेपरात फोटो छापून आला की त्याचं समाधान होतं. व्हर्च्यू सिग्नलिंग करणाऱ्याला ‘मी नीतीने तुमच्यापेक्षा वरचा’ हे ठसवायचं असतं. मी मराठीत ‘सोवळेपणा मिरवणं’ म्हणेन. ढोंगही नव्हे, कारण ढोंगी माणूस बोलतो एक आणि करतो दुसरं. इथे माणूस मनापासून बोलत असेलही, पण बोलण्यापलीकडे त्याला काही करावं लागत नाही.

हा शब्द आधीपासून होता, पण गाजला २०१५ साली, जेम्स बार्थोलोम्यू ह्यांनी ‘द स्पेक्टेटर’ ह्या ब्रिटिश साप्ताहिकात लेख लिहिला तेव्हा. त्यांचा रोख असा की ‘मला अमुक वर्तमानपत्राचा तिरस्कार वाटतो’ एवढं म्हटलं की माणूस उदारमतवादी ठरतो, बोट हलवावं लागत नाही.

मी ३१ वर्षं बी.ए.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं, म्हणून ‘सिग्नल’बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १९७३ साली मायकेल स्पेन्स ह्यांनी मांडलं की मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, तेव्हा पदवी खुणेचं काम करते. का? तर ती मिळवायला कष्ट पडतात आणि कुवत नसलेल्याला ते कष्ट परवडत नाहीत. ह्या कामासाठी २००१ साली त्यांना नोबेलही मिळालं, आणखी दोघांबरोबर. १९७५ साली अमोत्झ झहावी ह्या प्राणिशास्त्रज्ञाने मोराच्या पिसाऱ्याबद्दल हेच म्हटलं: एवढं ओझं वागवून जो जगतो तो धट्टाकट्टाच असणार. थोडक्यात, मूळ शास्त्रात खूण खरी ठरते ती महाग पडते म्हणून. लोकांच्या तोंडी आल्यावर अर्थ उलटा झाला, सिग्नलिंग म्हणजे स्वस्तातली खूण.

स्वस्त खूण कशी असते? २ जून २०२० रोजी अमेरिकेतल्या वंशभेदाविरुद्ध लाखो लोकांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले. त्यातल्या पुष्कळांनी आंदोलनाचा हॅशटॅग जोडला आणि मोर्चांची, मदतीची कामाची माहिती त्या काळ्या चौकोनांखाली बुडाली.

माई, तुमची ताटं फुकट आली नाहीत आणि आपोआप धुतली गेली नाहीत. शिवाय भाच्याला तुमच्या मनातलं कसं कळलं? ह्या शब्दाचा मला खरा राग येतो तो इथे. हेतूवर बोट ठेवलं की ताटं बरी की डिस्पोजेबल, हा मुद्दा बाजूलाच राहतो. वर्गातली हुशार मुलंसुद्धा हल्ली वाद असा संपवतात.

छावणीची सून

मास्तरकाकांचं पटलं, पण एक विचारू का माई? रागावू नका. १८० ताटं धुतली कोणी? आमच्याकडे असाच ‘प्लास्टिकमुक्त’ साखरपुडा झाला. कौतुक सगळं यजमानांचं झालं आणि कामवाल्या मावशी रात्री अकरापर्यंत मोरीत बसून होत्या. त्यांना वरचे पैसे मागून घ्यावे लागले.

माळव्यातली माई

रागावले नाही गं, बरोबर विचारलंस. दोन बायका लावल्या होत्या, पैसे आधी ठरवून, आणि त्यांच्याबरोबर मी नि माझी जाऊ बसलो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून आदल्या दिवशी पिंप भरून ठेवलं होतं. ताटं भराभर निघाली, वेळ खाल्ला वाट्यांनी. श्रीखंड वाटीच्या काठाला वाळून बसतं, नखाने खरवडावं लागतं. चार वाजेपर्यंत आमची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. पण फोटोत त्या दोघी नव्हत्या आणि त्यांचं नावही मी लिहिलं नव्हतं. ते चुकलं. आज ग्रुपवर लिहिलं.

काका, तुमचं उत्तर भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘मावशी, मी गमतीने म्हणालो होतो, वाट्यांचं मला माहीत नव्हतं.’ आणि ज्यांनी बाहुल्या टाकल्या होत्या त्यांतल्याच एका नणंदेचा सकाळी फोन आला. मेमध्ये तिच्या मुलीचं लग्न आहे. भांडी कुठून आणली आणि १८० पानांना वाट्या किती लागल्या, विचारत होती. मी सांगितलं, पाचशे चाळीस, आणि वर वीस जास्त घे.