डायब्लोत कथा आहे, फक्त कोणी बसवून सांगत नाही

डायब्लो या कॉम्प्युटर गेमबद्दल लोक म्हणतात, 'डायब्लो म्हणजे नुसतं क्लिक क्लिक, कथेच्या नावाने बोंब'. हे काही पटलं नाही बुवा. पहिल्या भागात कथा गावकऱ्यांच्या गप्पांत विखुरलेली आहे. ट्रिस्ट्रम या खेळातल्या गावातल्या दारुड्यालाही बोलतं करायचं, मग कळतं की राजा लिओरिक वेडा का झाला आणि राजपुत्र अल्ब्रेक्टला तळघरात कोणी नेलं. शेवट तर भलताच! डायब्लो या सैतानाला मारणारा नायक त्याचा आत्मा कोंडलेला दगड स्वतःच्याच कपाळात खुपसतो. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडतं.

खेळाचं म्हणाल तर चर्चखालचे १६ मजले दर नव्या डावात वेगळे, त्यामुळे घोकंपट्टी चालत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा बुचर नावाचा राक्षस मात्र बेकार. दार उघडलं की 'फ्रेश मीट' म्हणत अंगावर येतो. त्याला जाळीपलीकडे अडकवून बाण मारायचे, सरळ भिडायला जाऊ नये.

आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात लाइटचा काय भरवसा? जिना दिसला की आधी सेव्ह, मग खाली. आणि हो, गावातली ती गिटार ऐकायला आवाज चालू ठेवा. कौलांवर पाऊस वाजत असेल तर हेडफोन लागेलच.