पाणी ‘येते’ की ‘घुसते’?

रंकाळावासी (प्रश्न):
पावसाळ्यात कोल्हापुरातली सकाळ ‘पाणी किती फुटांवर आहे?’ या विचारपुशीने सुरू होते आणि पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी व ४३ फुटांची धोका पातळी माझ्या चौथीतल्या मुलीलाही पाठ आहे. माझी आजी मात्र याच पावसाला तरणा, म्हातारा अशा नावांनी ओळखत असे. शब्द बदलले की निसर्गाशी असलेले नातेही बदलते, की हा केवळ माझा हळवेपणा आहे?

शिरोळकर:
हळवेपणा नक्कीच नाही. नृसिंहवाडीला पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडू लागते, तेव्हा त्याला ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात आणि लोक त्या पाण्यात श्रद्धेने स्नान करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती दुसरीकडे हलवली जाते. म्हणजे जागा सोडायची ती देवाने, नदीने नव्हे. आमच्या घरात आजही ‘कृष्णामाई आली’ असेच म्हणतात. शहरात तेच पाणी ‘घुसते’. पाहुणा येतो, चोर घुसतो. कोणाला काय म्हणायचे हे आपण क्रियापदातच ठरवून टाकलेले असते.

नदीकाठचा:
थोडा मतभेद नोंदवतो. २०१९ च्या महापुरात आम्ही वेळेत घराबाहेर पडलो ते फुटांचा आकडा पाहून. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, ही शेतकामाची दिनदर्शिका होती. तिच्याकडे पुराचा इशारा मागणे हा तिच्यावर अन्याय होईल. क्रियापदाचा मुद्दा मात्र पटला. पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, परंतु या रेषांभोवती ना गोष्ट आहे ना सण, त्यामुळे प्लॉट घेताना त्यांची आठवण कोणालाच होत नाही. (आम्हालाही झाली नव्हती.)

रंकाळावासी:
दोघांचेही आभार. काल मुलीला पंचगंगेतल्या पाच नद्या सांगत होतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती तिने निमूटपणे ऐकल्या. पाचवी सरस्वती गुप्त आहे म्हटल्यावर तिने लगेच विचारले, ‘मग तिची पातळी कशी मोजतात?’ पाऊस उघडला की तिला प्रयाग चिखलीच्या संगमावर घेऊन जाणार आहे.