दुसऱ्या मशीनची डेब टाकली आणि ॲप्ट अडून बसलंय, इंकस्केप काढू का?

पावतीबुक_लालबाग

मंडळी मदत हवीय, जरा अर्जंट. पप्पांचं लालबागला छोटं छपाईचं दुकान आहे, कंप्युटरचं सगळं माझ्याकडे. मशीनवर उबुंटू २२.०४ (लिनक्स), त्यात डिझाईन करायचं इंकस्केप १.१.२, गेली तीन वर्षं काही तक्रार नव्हती. आता गणपतीच्या पावत्या आणि अहवाल सुरू झालेत, एका मंडळाच्या पोराने अहवालाची फाईल पाठवली १२ पानांची, माझ्याकडे उघडली तर एकच पान आणि बाकीचा मजकूर त्या पानाच्या बाहेर गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखा. तो म्हणाला तुझं व्हर्जन जुनं आहे, माझ्याकडे २४.०४ आहे त्याची डेब (इन्स्टॉल करायची पॅकेज फाईल) देतो, पेन ड्राईव्हवर दिली आणि मी सरळ डीपीकेजी -आय (डेब थेट बसवायची कमांड) मारलं.

तर हे आलं: इंकस्केप डिपेंड्स ऑन लिबसी६ (>= २.३८), मशीनवर आहे २.३५. आता इंकस्केप उघडतच नाही, टर्मिनलमधून चालवलं तर जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड. आणि गंमत म्हणजे दुसरं काहीही टाकायला गेलो, साधा एक फाँट, तरी ॲप्ट (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) म्हणतं आधी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल चालव. ते चालवलं तर खाली लिहून येतं की इंकस्केप रिमूव्ह होणार, आणि शेवटी "० अपग्रेडेड, ० न्यूली इन्स्टॉल्ड, १ टू रिमूव्ह अँड ६ नॉट अपग्रेडेड". मी घाबरून एन दाबला. इंकस्केप गेलं तर सीझनमध्ये पप्पा मला दुकानातून काढतील. तो पोरगा म्हणतोय की लिबसी६ ची पण डेब देतो, ती टाक, मग बसेल. टाकू का? आणि ते ६ काय आहेत?

डेबियनवाला

लिबसी६ अजिबात टाकू नकोस. पहिलं हे वाच, मग चहा पी, मग पुढचं.

लिबसी म्हणजे मशीनवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पायाखालची फरशी. एलएस, सीपी सारख्या कमांड, बॅश (टर्मिनलचा शेल), खुद्द ॲप्ट, सगळे तिच्यावर उभे आहेत. २४.०४ ची डेब २.३९ च्या मशीनवर बांधलेली असते म्हणून ती किमान २.३८ मागते, तुझ्या २२.०४ ला शेवटपर्यंत २.३५ च राहणार. आता एक लिबसी६ आणलीस की ती म्हणणार माझ्या व्हर्जनची बाकीची मंडळी पण हवीत, मग इंकस्केपच्या बाकीच्या लायब्ऱ्या आपापली नवी व्हर्जनं मागणार, आणि चार डेबनंतर तुझं मशीन ना धड २२ ना धड २४. असं मशीन पुढच्या अपडेटला कोणीच सोडवत बसत नाही, फॉरमॅटच होतं.

आता झालंय काय ते सांगतो. डीपीकेजी डिपेंडन्सी (सोबत लागणारी पॅकेजेस) आणून देत नाही, ते फक्त हातात दिलेली डेब उघडून फाईली जागेवर ठेवतं. तुझ्या जुन्या १.१.२ च्या फाईलींवर नव्या बसल्या, मग कॉन्फिगर करायच्या वेळी अडलं आणि पॅकेज अर्धवट राहिलं. म्हणजे तुला वाटतंय इंकस्केप जाईल, पण दादा ते ऑलरेडी गेलंय, उरलंय ते त्याचं भूत. ॲप्ट बरोबर बोलतंय. फिक्स-ब्रोकनला वाय दे, यादीत फक्त इंकस्केपच आहे ना एवढं एकदा बघ, मग साधं ॲप्ट इन्स्टॉल इंकस्केप, १.१.२ परत येईल. तुझी सेटिंग होम फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिगखाली असतात, रिमूव्ह त्याला हात लावत नाही.

मुलुंडचा_रूट

वरच्याशी शंभर टक्के सहमत, आणि लिबसीचा माझा किस्सा ऐका म्हणजे हात आवरेल. जुन्या ऑफिसात एका सर्व्हरवर असाच नवीन लिबसी मागणारा प्रोग्राम चालवायचा होता. मी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होतो, डोकं लावलं, म्हटलं जुनी लिबसीची फाईल एमव्हीने (फाईल हलवायची कमांड) बाजूला ठेवू आणि नवी तिथे सीपी (कॉपी) करू. एमव्ही झालं. सीपी मारलं. सीपी चालायला लिबसी लागते! एमव्ही परत मारलं, तेही नाही. एलएस नाही, कॅट नाही. उघडी असलेली बॅश तेवढी जिवंत होती, म्हणून फोल्डरमध्ये काय आहे ते इको * करून बघत बसलो होतो, म्हणजे घराची चावी आत ठेवून दार ओढून घेतल्यावर खिडकीतून चावीकडे बघतात ना तसं. शेवटी लाईव्ह यूएसबी (पेन ड्राईव्हवरून चालणारं लिनक्स) लावून फाईल जागेवर ठेवली, घाटकोपरवरून शेवटची गाडी पकडली.

डेबियनवाला

@मुलुंडचा_रूट लाईव्ह यूएसबीची गरज नव्हती, फाईलचं नाव तेच ठेवून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असती तर एलडी-लिनक्स लोडरला (प्रोग्रामला लायब्ऱ्या जोडून देणारा) थेट हाक मारून, --लायब्ररी-पाथला तो फोल्डर देऊन, त्याच्याकडून एमव्ही चालवून घेता येतं.

मुलुंडचा_रूट

हे त्या रात्री सांगायला कोणी नव्हतं ना भाऊ 😅

चाळ_नंबर_४

मूळ प्रश्न राहिला, त्याला अनेक पानं हवीत. ती सोय इंकस्केपमध्ये १.२ पासून आली, २०२२ मध्ये, म्हणून १.१.२ परत आणून फाईलचा प्रश्न सुटणार नाही. इंकस्केपवाल्यांच्या साईटवर ॲपइमेज मिळते, एकच फाईल, लागणाऱ्या बहुतेक लायब्ऱ्या तिच्या पोटातच. एक्झिक्युटेबल करायची आणि चालवायची, ॲप्टला पत्तापण लागत नाही. फ्लॅटपॅकपण (ॲप्टबाहेरून ॲप टाकायचा दुसरा मार्ग) चालेल पण पहिल्यांदा डाउनलोड जड आहे, दुकानात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असशील तर ॲपइमेजच बरी.

एक सांभाळ. २२.०४ वर ॲपइमेज उघडताना फ्यूज (ॲपइमेजच्या आतल्या फाईली डिस्कसारख्या जोडणारी सोय) नाही म्हणून रडेल. तेव्हा लिबफ्यूज२ टाकायचं. नुसतं फ्यूज नावाचं पॅकेज टाकायचं नाही! ते आलं की फ्यूज३ जातं आणि त्याच्या मागून डेस्कटॉपची बरीच पॅकेजेस जाऊ शकतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ती लांबलचक रिमूव्हची यादी न वाचता एंटर मारला होता, रीस्टार्टनंतर काळा स्क्रीन आणि लॉगिन. यादी लांब दिसली की हात वर. आधी ॲप्टला -एस लावून नाटकी रन घेता येतो, खरं काही होत नाही, कोण येणार कोण जाणार तेवढं कळतं. आणि कधी काय टाकलं विसरलास तर व्हार, लॉग, ॲप्ट, तिथे हिस्टरी.लॉग आहे, तारीखवार सगळं. डीपीकेजीने हाताने टाकलेलं मात्र त्यात नसतं, ते डीपीकेजी.लॉगमध्ये बघायचं.

बीएसडी_माटुंगा

मी फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखीच वेगळी सिस्टीम), मला बोलायचा हक्क नाही तरी बोलतो. आमच्याकडेपण हाच झोल, बाहेरचं पोत तेवढं वेगळं. पीकेजी (आमचं ॲप्ट) बायडिफॉल्ट तिमाही शाखेतून घेतं, आणि लोक पोर्ट्स (सोर्समधून बांधायची पॅकेजेस) मात्र ताज्या शाखेतून बांधतात, मग एका लायब्ररीची दोन व्हर्जनं भांडतात आणि दोष पीकेजीला. शिवाय पोर्ट्समध्ये अपडेटिंग नावाची फाईल असते, कुठल्या तारखेला काय बदललं आणि हाताने काय करायचं ते लिहिलेलं, ती कोणी वाचत नाही, मीपण नाही, मग संध्याकाळ जाते.

डेबियनवाला

ते ६ चं राहिलं. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, सगळ्या मशीनना एकदम नाही, म्हणजे काही गडबड निघाली तर थोड्याच लोकांना भोवते. ॲप्ट-कॅशे पॉलिसी आणि पॅकेजचं नाव दे, पुढे फेज्ड आणि टक्के दिसले तर तुझा नंबर यायचाय, गप्प बस. त्यासाठी फुल-अपग्रेड मारू नकोस, साधं अपग्रेड काही काढत नाही, फुल-अपग्रेडला गरज पडली तर काढायची मुभा असते. आणि त्याने २४.०४ होत नाही, ते काम डू-रिलीज-अपग्रेडचं, आणि ते विसर्जनानंतर. २२.०४ ला २०२७ पर्यंत अपडेट आहेत, घाई काय आहे.

पावतीबुक_लालबाग

झालं!! वाय दिला, यादीत एकटं इंकस्केप होतं, १.१.२ परत आलं. ॲपइमेज पहिल्यांदा फ्यूजवरून रडलीच, लिबफ्यूज२ टाकलं, फक्त १ न्यूली इन्स्टॉल्ड, ० टू रिमूव्ह, तीनदा वाचलं. फाईल उघडली, १२ ची १२ पानं ओळीत. पप्पांना यातलं काहीच माहीत नाही. लिबसीची डेब पेन ड्राईव्हवर आलीच होती, उडवली. ६ मधले ४ फेज्ड दाखवतायत, २ ना काहीच टक्के नाहीत, त्यांचं काय?

डेबियनवाला

त्या दोघांना कुठलं तरी काढल्याशिवाय बसता येत नसेल, नाहीतर कधीतरी होल्ड (पॅकेज अपडेट होऊ नये म्हणून लावलेली खूण) मारला असशील. ॲप्ट-मार्क शोहोल्ड बघ. काही दिसलं नाही तर दोघांची नावं इथे टाक.