'ऑटो-रोटेट'साठी मराठीत काय? फिरणे, वळणे की कूस बदलणे?

फोंड्याहून
लिनक्स फोनसाठी (लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालणाऱ्या फोनसाठी) एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहितोय. कुठलं ॲप समोर आहे ते पाहून स्क्रीन उभी की आडवी हे ती ठरवते. मेनू मराठीत हवा आहे. मित्राने 'ऑटो-रोटेट'ला 'स्वयं-परिभ्रमण' सुचवलंय, ते मला खटकतं. शिवाय 'हे ॲप उघडलं की स्क्रीन आडवी ठेव' या अर्थाची एक आटोपशीर ओळ हवी आहे. काय लिहावं?

मडगावहून
परिभ्रमण आधी काढा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. तीस वर्षं हेच शिकवलंय. तुमची स्क्रीन कोणाला प्रदक्षिणा घालते? परिवलन अर्थाने जवळचं आहे, पण स्विचवर ते कोण वाचणार! 'घूर्णन' तर हिंदीतून आलेलं. साधं 'फिरणे' घ्या.

म्हापशाहून
मास्तर, फिरणारी वस्तू फिरत राहते. पंखा फिरतो. स्क्रीन पाव फेरी घेते आणि थांबते. आमच्या घरी कोकणीत 'स्क्रीन घुंवता' (फिरते) म्हणतात, तिथेही तीच अडचण. मी सुचवतो 'कूस बदलणे'. झोपून वाचताना मी कूस बदलली की तीही बदलते, आणि नेमकी तेव्हाच बदलायला नको असते.

फोंड्याहून
बोलायला झकास आहे. पण स्विचवर 'आपोआप कूस बदला' असं दिसलं तर लोक डॉक्टरचं ॲप समजतील.

डिचोलीहून
शब्द ठरवण्याआधी नेमकं काय फिरतं ते बघू. इथे कामं तीन आहेत आणि करणारे तिघे वेगळे.

पहिला सेन्सर. ॲक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला ओढतंय एवढंच कळतं. आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी नावाची सेवा ते वाचून चारांपैकी एक उत्तर देते: सरळ, उलटा, डावी कड वर, उजवी कड वर. ठरवता आलं नाही तर पाचवं, 'अनिश्चित'. दुसरा कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या जोडून स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा प्रोग्राम. फॉश आणि प्लाझ्मा मोबाइल हे लिनक्स फोनचे इंटरफेस; फॉशच्या खाली फॉक असतो, प्लाझ्मा मोबाइलच्या खाली केविन. स्क्रीनवरचं चित्र खरोखर वळवतो तो हा. तिसरं ॲप. त्याला फक्त नवी लांबी-रुंदी कळते. पाइनफोन या लिनक्स फोनची स्क्रीन ७२०×१४४० पिक्सेल. दुप्पट स्केलवर, म्हणजे सगळं दुप्पट मोठं दाखवलं तर, ॲपला ३६०×७२० एवढी जागा मिळते, वळल्यावर ७२०×३६०. त्यात कीबोर्ड वर आला की उरतं काय ते तुम्हीच बघा.

म्हणून मी तीन क्रियापदं वापरतो: फोन कलतो, स्क्रीन वळते, ॲप मांडणी बदलतं. 'ॲप फिरत नाही' अशी तक्रार आली की तिघांपैकी कोण अडलाय ते कळतच नाही.

फोंड्याहून
'वळणे' पटलं. पण मग 'या ॲपसाठी स्क्रीन वळवा' असं लिहिलं तर ते खोटं ठरतं का? कारण ॲप मागतच नाही, माझी स्क्रिप्ट वळवते.

डिचोलीहून
बरोबर पकडलंत. अँड्रॉइडमध्ये ॲप आपल्या मॅनिफेस्टमध्येच (ॲपसोबतच्या माहितीच्या फाइलीत) सांगून ठेवतं की मी उभंच चालणार. उबुंटू टच या लिनक्स फोन-प्रणालीत ॲपच्या डेस्कटॉप फाइलीत तशी ओळ घालता येते, सेलफिश या दुसऱ्या प्रणालीत खिडकीलाच परवानगीच्या दिशा ठरवून देतात. ॲप आणि कंपोझिटर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या वेलँडच्या नेहमीच्या प्रोटोकॉलमध्ये मात्र ॲपला 'स्क्रीन आडवी करा' असं म्हणायची सोय नाही. म्हणून तुमच्यासारखी स्क्रिप्ट लागते: स्वे हा कंपोझिटर वापरत असाल तर फोकस कुठल्या खिडकीवर गेला ते ऐकायचं, तिची ॲप-आयडी बघायची आणि कंपोझिटरला ट्रान्सफॉर्म ९० (चित्र ९० अंश वळव) करायला सांगायचं. तेव्हा ओळीत ॲपला कर्ता करू नका. 'हे ॲप उघडल्यावर स्क्रीन आडवी' पुरे.

पेडण्याहून
मध्येच बोलतो. भजनाला मी टॅबलेट पेटीवर आडवा ठेवतो, अभंग वाचायला. आडवा ठेवला की स्क्रीन वळायचीच थांबते. आधी उभी असली तर उभीच राहते.

डिचोलीहून
आडवा म्हणजे लांब कड खाली टेकवून, की पाठ टेकवून सपाट?

पेडण्याहून
सपाट. पेटीच्या वर निजवलेला.

डिचोलीहून
मग ठीक आहे, तो बिघाड नव्हे. सपाट असताना गुरुत्वाकर्षण थेट पाठीच्या दिशेने ओढतं, कुठली कड खाली आहे ते सेन्सरला कळायला मार्गच नाही. म्हणून आधीची दिशा कायम राहते. पेटीवर ठेवण्याआधी लांब कड खाली ठेवून एकदा ताठ धरा, स्क्रीन वळली की निजवा.

मडगावहून
'आडवा'चा हा गोंधळ मोठा आहे बरं का. माणूस आडवा होतो तो निजतो, आणि कागद आडवा धरतो तो निजवत नाही. सपाट स्थितीला आपल्याकडे नेमके शब्द आहेत: तोंड वर असेल तर उताणा, तोंड खाली असेल तर पालथा. बाळाच्या बाबतीत कुणी चुकत नाही, मग टॅबलेटच्या बाबतीत का चुकावं?

डिचोलीहून
मास्तर, हे तर तयारच मिळालं. सेन्सर वाचणाऱ्या त्या सेवेच्या नव्या आवृत्त्या कलही सांगतात, त्यात 'तोंड वर' आणि 'तोंड खाली' अशा दोन वेगळ्या स्थिती आहेत. उताणा आणि पालथा तसेच्या तसे बसतात. तेव्हा 'आडवा' फक्त लांब कडेसाठी राखायचा.

म्हापशाहून
आणि फोन सरळ धरला तरी स्क्रीन कुशीवर असते, त्याला काय म्हणायचं?

डिचोलीहून
तेव्हा सेन्सर बोर्डवर तिरक्या दिशेने बसवलेला असतो. यूडेव्ह या लिनक्समधल्या उपकरणं ओळखणाऱ्या सेवेच्या हार्डवेअर यादीत त्या मॉडेलसाठी माउंट मॅट्रिक्स, म्हणजे सेन्सर कसा बसलाय ते सांगणारे आकडे, घालावं लागतं. मी 'सेन्सर तिरका बसलाय' म्हणतो. वेलँडच्या आधीच्या, जुन्या एक्स११वर आणखी एक गंमत असते. एक्सरँडआर या तिथल्या सोयीने स्क्रीन वळवली आणि बोटाची जागा ठरवणारं टचस्क्रीनचं मॅट्रिक्स बदललं नाही, तर चित्र वळतं पण बोट वळत नाही. डावीकडे टेकवलं तर भलतीकडेच उठतं. वेलँडवर टच स्क्रीनशी बांधलेला असला की ही कटकट नाही.

फोंड्याहून
आता 'रोटेशन लॉक'. 'लॉक चालू' म्हणजे वळणं बंद, हे मलाही दर वेळी डोक्यात उलटं करून घ्यावं लागतं.

मडगावहून
कुलूप काढून टाका. 'स्क्रीन आपोआप वळू द्या' असा स्विच ठेवा. चालू म्हणजे वळते, बंद म्हणजे वळत नाही.

फोंड्याहून
मग अशा ओळी करतो: 'स्क्रीन आपोआप वळू द्या', 'हे ॲप उघडल्यावर आडवीच', 'हे ॲप उघडल्यावर उभीच', 'नेहमीसारखी'. 'सक्तीने आडवी' पण मनात होतं.

म्हापशाहून
'च' लावल्यावर सक्ती आणखी कशाला, बाब?

डिचोलीहून
एक गोष्ट स्क्रिप्टमध्ये विसरू नका. ते ॲप मागे गेलं की सेन्सरचं ताजं उत्तर पुन्हा वाचा. नाहीतर ई-पेपर बंद करून फोन लावायला जाल आणि डायलर आडवाच उघडेल.