डिझेल पाणबुडीला हवा लागतेच

पाणबुडी महिनोन्महिने वर येत नाही, असं म्हटलं जातं, पण ते फक्त अणुपाणबुडीला लागू आहे. तिथे इंधनाच्या आधी संपतो तो शिधा. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २०१७ साली नौदलात आलेली 'कलवरी' पाणबुडी मात्र डिझेल-इलेक्ट्रिक आहे. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते, आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या डिझेल इंजिनाला हवा लागते. मग पृष्ठभागाच्या जरा खाली यायचं आणि हवा आत घेणारी स्नॉर्केलची नळी तेवढी बाहेर काढायची. इंजिनाचा आवाज, वर दिसणारी नळी. पकडलं जायची भीती तेव्हाच सर्वाधिक. शिवाय चार्जिंग करताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

पाणबुडीतल्या शौचालयाबद्दल सहसा कुणी विचारत नाही, पण विषय तितकाच गंभीर आहे! खोलवर बाहेरच्या पाण्याचा दाब प्रचंड, त्यामुळे मैला बाहेर टाकायचा म्हणजे झडपांचा खेळच. एप्रिल १९४५ मध्ये स्कॉटलंडजवळ जर्मन पाणबुडी यू-१२०६ वर यातच गडबड झाली. आत शिरलेलं समुद्राचं पाणी बॅटऱ्यांपर्यंत पोचलं आणि क्लोरीन वायू तयार झाला. नाइलाजाने वर यावं लागलं, तिथे विमानांनी गाठलं, आणि शेवटी कप्तानाने पाणबुडी स्वतःच बुडवली.