जुन्या पितळी झुंबरात एलईडी लुकलुकतात

प्रश्न: वाड्यातलं आठ दिव्यांचं झुंबर. 40 वॅटचे बल्ब काढून 4 वॅटचे एलईडी फिलामेंट लावले. डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) कमी केला की लुकलुकतात, बंद केल्यावरही मिणमिणतात.

उत्तर १: जुन्या डिमरला किमान भार लागतो, 320 वॅटचे आता 32 उरले. ट्रेलिंग-एज डिमर (एलईडीच्या कमी भारावर चालणारा) लावा, बल्बही डिमेबलच हवेत. मिणमिणणं? स्विच न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) असणार, तो फेजवर (करंट आणणाऱ्या तारेवर) घ्या. इंडिकेटरवाला स्विचही हाच खोडसाळपणा करतो.

उत्तर २: आधी वायर बघा! सुती वेष्टणाखालचं रबर तडकलं की पितळेत करंट उतरतो. 0.75 चौरस मिमीची नवी वायर ओढा, सांगाड्याला अर्थिंग द्या. प्रकाश 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्या. 6500 च्या पांढऱ्या प्रकाशात जुनी काच दवाखान्यासारखी दिसते.

प्रश्नकर्ता: स्विच न्यूट्रलवरच निघाला.